भूतानने आपल्या गाड्यांना नको म्हटलं, ते बरोबर होतं का?

रानवारा

नमस्कार मंडळी.

मागच्या नोव्हेंबरात आम्ही दोघं पुण्याहून गाडी घेऊन भूतानला जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहायचंच आहे, पण एक प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून आधी हा धागा.

बंगालमधलं जयगाव आणि भूतानचं फुन्शोलिंग ही दोन गावं एकमेकांना चिकटून आहेत. मधे एक रंगीत कमान. जयगावच्या बाजूला हॉर्न, ई-रिक्षा, रस्त्यावर मांडलेली भाजी, लाउडस्पीकर. कमान ओलांडली आणि आवाज एकदम थांबला. बायको म्हणाली, "माझ्या कानांना दडे बसलेत का रे?" समोर एक म्हातारी रस्ता ओलांडत होती आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या तिच्यासाठी उभ्या होत्या.

पहिल्याच दुकानात चहा घेतला. पाचशेची नोट दिली, सुटे म्हणून न्गुल्ट्रम परत मिळाले. दोन्हींची किंमत सारखीच, आपला रुपया तिथे सर्रास चालतो. त्यांची जास्तीची वीज आपण विकत घेतो, त्यांचं पेट्रोल आपल्याकडून जातं. म्हटलं, दोन देश याहून जवळ काय येणार?

तरीही याच भूतानने मोटार वाहन करारातून अंग काढून घेतलं. बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ या चौघांनी १५ जून २०१५ रोजी सही केली तीही थिंफूमध्येच. एका देशाचा मालट्रक, बस, खासगी गाडी सीमेवर माल न उतरवता थेट दुसऱ्या देशात जावी, एवढाच करार. भूतानच्या खालच्या सभागृहाने तो मंजूर केला, वरच्या सभागृहाने २०१६ मध्ये फेटाळला. २०१७ मध्ये सरकारने बाकीच्या तिघांना कळवलं की तुम्ही पुढे व्हा, आमच्यासाठी थांबू नका.

पारोला ज्या घरगुती लॉजमध्ये उतरलो तिथल्या मालकीणबाईंना मी विचारलं. त्या हिंदीत म्हणाल्या, "आम्ही सगळे मिळून आठ लाखही नाही. तुमच्या एका शहरातल्या गाड्या आल्या तरी आमच्या दरीत उभं राहायला जागा उरणार नाही. आणि माझा भाऊ ट्रक चालवतो, त्याने मग काय करायचं?"

जाताना मला भूतानचा निर्णय आडमुठा वाटत होता. येताना वाटेनासा झाला. सार्क ही दक्षिण आशियाई देशांची संघटना भारत-पाकिस्तानच्या भांडणात अडकली हे आपण सगळेच म्हणतो. पण पाकिस्तान बाजूला ठेवला तरी आपले शेजारी आपल्याजवळ यायला बिचकतात. ते का? त्यांची भीती खरी आहे, की कोणी मुद्दाम घातलेली आहे? ज्यांनी सीमेवर व्यापार केलाय, शेजारी देशांत राहिलेत, त्यांनी जरूर लिहा.

टिंबटिंब

मस्त धागा. प्रवासवर्णनही लवकर येऊ द्या, एमादत्शी खाऊन डोळ्यांतून पाणी आलं की नाही तेही लिहा.

पहारा

मला भूतानबद्दल आदर आहे, पण हा प्रश्न मी उलट्या बाजूने विचारतो. आपण सीमा उघडी ठेवून काय कमावलं? नेपाळशी आपली साडेसतराशे किलोमीटरची सीमा उघडी आहे, पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. २४ डिसेंबर १९९९ ला आपलं विमान काठमांडूहून उडालं आणि अपहरण होऊन कंदाहारला पोचलं. बनावट नोटा त्या बाजूने आल्या. यासिन भटकळसारखा अतिरेकी २०१३ मध्ये पकडला गेला तोही नेपाळ सीमेवरच. सार्वभौमत्वाची काळजी फक्त छोट्यांनीच करायची का? माझे काका सशस्त्र सीमा बलात होते. ते सांगायचे, अर्धं घर इकडे आणि गोठा तिकडे, तिथे कोणाला अडवायचं आणि कोणाला सोडायचं? आधी घर सुरक्षित, मग शेजाऱ्याशी पाटावर पाट.

तहनामा

@रानवारा, छान सुरुवात. थोडी जुनी कागदपत्रं काढून बघू.

भूतानची भीती आजची नाही. १९४९ च्या करारात दुसरं कलम होतं, परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताच्या सल्ल्याने चालेल. हे कलम थेट २००७ मध्ये बदललं. म्हणजे जवळपास अठ्ठावन्न वर्षं त्या देशाने ही अट अंगावर वागवली. मधे १९७५ साली शेजारचं सिक्कीम भारताचं बाविसावं राज्य झालं. आपल्या पाठ्यपुस्तकात ते एका ओळीत येतं. थिंफूत बसून तीच ओळ वाचली तर कशी वाटेल, बघा. भूतान त्याआधीच, १९७१ मध्ये, संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला होता. माझ्या मते त्या एका जागेने त्यांना जेवढा धीर दिला तेवढा कुठल्याच फौजेने दिला नसता.

सार्कचं बोलायचं तर ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात तिची स्थापना झाली तेव्हाच सनदेत दोन गोष्टी लिहिल्या गेल्या. निर्णय सगळ्यांच्या एकमताने, आणि दोन देशांमधले वादाचे विषय इथे काढायचे नाहीत. छोट्या देशांना एकमत हवं होतं, म्हणजे मोठ्याला आपली मर्जी लादता येऊ नये. वादाचे विषय नकोत हे आपल्याला हवं होतं, म्हणजे सगळे मिळून आपल्यावर चालून येऊ नयेत. दोघांनी आपापली कडी लावून घेतली आणि दार मग उघडलंच नाही. २०१४ च्या काठमांडू शिखर परिषदेत सगळ्या सार्क देशांचा वाहन करार तयार होता, पाकिस्तान अडून बसला. म्हणून तर पुढच्या वर्षी चौघांचा वेगळा करार झाला. २०१६ ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली, त्यानंतर शिखर परिषद झालेलीच नाही.

@पहारा, तुमचा मुद्दा खोटा नाही. पण डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या चिमुकल्या सैन्याने तिथल्या जंगलातले आसामच्या उल्फा आणि बोडो अतिरेक्यांचे तळ उठवले, तेही स्वतःची माणसं गमावून. विश्वासाच्या शेजाऱ्याने आपली सीमा राखली, याचाही हिशेब धरा.

पहारा

मान्य. २००३ ची कारवाई माझ्या लक्षात होती, लिहायला हवी होती.

चाळकरी

मी निफाड तालुक्यातला. कांदा पिकवतो आणि थोडा व्यापारही करतो, बांगलादेशला माल पाठवलेला आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला नाही.

सप्टेंबर २०२० ची गोष्ट. आमची गाडी लासलगावहून भरून निघाली. चार दिवसांचा रस्ता. बंगालच्या सीमेजवळ पोचली आणि त्याच सुमारास निर्यातबंदी लागली. १४ तारीख होती. कागद तयार, तिकडचा व्यापारी तयार, पैसे बोलून झालेले. गाडी जागची हलेना. पाऊस चालू. ड्रायव्हर रोज फोन करायचा, "दादा, ताडपत्री काढू का झाकू?" काढली तर पाऊस, झाकली तर वाफ. पाचव्या दिवशी म्हणाला गोण्यांच्या खालून पाणी गळतंय आणि वास मारतोय. कांद्याचं पाणी गळायला लागलं की खेळ संपला, हे कांदेवाल्याला सांगावं लागत नाही. निम्म्याहून जास्त माल तिथेच फेकला.

आता तिकडच्या बाजूचं ऐका. तो व्यापारी खुलन्याकडचा, आमचा बारा वर्षांचा संबंध. तो मला म्हणाला, "दादा, तुमच्यावर राग नाही. पण पुढच्या वर्षी मी पाकिस्तान, तुर्कस्तान, इजिप्तचं बघतो. मला रोज दुकान उघडायचं असतं." २०१९ मध्ये बंदी आली, २०२० मध्ये आली, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा आली. २०१९ ला तर त्यांच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन हसत हसत बोलून गेल्या की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगितलंय, निदान आधी कळवत तरी जा. लोक हसले. आम्हाला नाही हसू आलं. गिऱ्हाईक तुटत असल्याचा तो आवाज होता.

दिल्लीत कांदा महागला की नळ बंद. स्वस्त झाला की आम्ही रस्त्यावर ओततो. मग शेजारी म्हणतो, ज्याच्या हातात नळ आहे त्याच्या भरवशावर मी माझी चूल का ठेवू? हीच त्याची भीती. त्यात कोणी काही मुद्दाम भरवलेलं नाही.

रानवारा

@चाळकरी, वाचून गप्प झालो. मी धाग्यात "सीमा उघडणं" म्हणत होतो, तुम्ही "नळ" म्हणालात. मला वाटतं खरा शब्द तुमचा आहे.

हिमशिखा

नळावरून लिहिते. भूकंपानंतरच्या मदतकार्यासाठी मी २०१५ च्या उन्हाळ्यापासून काठमांडूत होते. २० सप्टेंबरला नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली. भारताला लागून असलेल्या तराईतल्या मधेसी लोकांचा तिला विरोध होता, तिथे आंदोलन पेटलं होतं. आणि तीन दिवसांत रक्सौल-बीरगंज नाक्यावरून येणारे टँकर थांबले. आपलं सरकार म्हणत होतं, आम्ही काही अडवलेलं नाही, आंदोलनामुळे ट्रक जात नाहीत. काठमांडूत हे कोणालाही पटत नव्हतं. रस्त्यावरच्या माणसासाठी त्याचं नाव एकच, नाकाबंदी.

मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होते त्या आमांच्या घरी दसैंला, म्हणजे तिकडच्या दसऱ्याला, अर्धा भरलेला सिलिंडर आला. नेपाळमध्ये तेव्हा अर्धेच सिलिंडर वाटत होते, सगळ्यांना पुरावेत म्हणून. तो त्यांनी सणासाठी झाकून ठेवला आणि गच्चीवर तीन विटा मांडून चूल केली. भूकंपात पडलेल्या शेजारच्या घराच्या खिडक्यांची लाकडं जाळली. कोरीव नक्षीच्या नेवारी खिडक्या. मी म्हटलं, आमा, ही नका जाळू. त्या म्हणाल्या, "भात कच्चा राहिला तर खिडकी बघून पोट भरेल का?" मला त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट माझ्या ताटात जास्त वाढायच्या. पण त्यांचा कॉलेजात जाणारा नातू माझ्याशी महिनाभर बोलला नाही. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. त्याच्या पिढीने भारत म्हणून काय पाहिलं, तर तो अर्धा सिलिंडर.

पाच महिन्यांनी ट्रक सुरू झाले. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी वाहतूक करार केला. हिमालय ओलांडून चिनी बंदरापर्यंत जायला हजारो किलोमीटर पडतात, कोलकाता-हल्दिया त्या मानाने अंगणात आहे. तरी केला. दुसरं दार असावं म्हणून केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपली नोटबंदी झाली आणि नेपाळी लोकांच्या घरातल्या जुन्या भारतीय नोटा तशाच पडून राहिल्या. इथे कमवून तिकडे पाठवलेले पैसे. ज्यांनी आपल्या बँकेत कधी पाऊल ठेवलं नव्हतं, त्यांचेही गेले.

@पहारा, तुमचे काका म्हणायचे ते खरंच आहे, तिथे अर्धं घर इकडे असतं. म्हणूनच तर टँकर थांबले की आपल्याच घरातली चूल विझते.

टिंबटिंब

हिमशिखाताई, प्रतिसाद दोनदा वाचला. त्या आमा आता कशा आहेत?

हिमशिखा

@टिंबटिंब, छान आहेत. दर दसैंला फोन करते. नातू आता पोखऱ्याला शिकवतो, मागच्या वर्षी स्वतःहून फोनवर आला. 🙂

मासकाठ

मी गेली नऊ वर्षं नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट गावात राहते. ज्या करारातून युरोपीय संघ उभा राहिला त्यावर ७ फेब्रुवारी १९९२ ला इथेच सह्या झाल्या. भाजी आणायला सायकलवरून बेल्जियममध्ये जाते, नवऱ्याची नोकरी जर्मनीत. सीमा कुठे आली ते डांबराचा रंग बदलला की कळतं.

पण इथेही भूतान होतंच. डेन्मार्कच्या लोकांनी १९९२ मध्ये हा करार मतदानाने फेटाळला. मग त्यांना चार सवलती दिल्या, त्यात आपलं चलन ठेवायची मुभा होती, तेव्हा कुठे १९९३ मध्ये हो म्हणाले. शिवाय परदेशी लोकांनी आमच्याकडे सुट्टीची घरं घेऊ नयेत, हा त्यांचा जुना कायदाही करारात राखून घेतला. श्रीमंत जर्मन येऊन किनाऱ्यावरची सगळी घरं घेतील ही भीती. लॉजच्या मालकीणबाईंचं म्हणणं याहून वेगळं नाही. नॉर्वेने तर १९७२ आणि १९९४ असं दोनदा नाही म्हटलं. त्यांना मासेमारीचं पाणी सोडायचं नव्हतं. तरी युरोपशी त्यांचा व्यापार उत्तम चालतो.

फरक कुठे पडतो ते सांगते. माल्टाची वस्ती आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी, पण युरोपीय आयोगात जर्मनीचा एक आयुक्त आणि माल्टाचाही एकच. मोठ्या देशाने नियम मोडला तर छोटा देश, आणि स्थानिक न्यायालयामार्फत अगदी एखादा व्यापारीसुद्धा, लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाचा दरवाजा वाजवू शकतो. @चाळकरी, तुमची गाडी इथे अशी अडली असती तर तुम्ही निदान दाद मागू शकला असता. दक्षिण आशियात मागायची कोणाकडे?

पहारा

@मासकाठ, पण त्याच न्यायालयाला आणि ब्रसेल्सला कंटाळून ब्रिटन बाहेर पडलं ना? २३ जून २०१६, ५१.९ टक्के लोकांनी सांगितलं की आमचे कायदे आम्ही करू. दिल्लीच्या डोक्यावर कोणी बाहेरचा न्यायाधीश बसलेला तुम्हाला चालेल? मला चालणार नाही, स्पष्ट सांगतो.

मासकाठ

@पहारा, प्रश्न रास्त आहे. पण ब्रिटनला बाहेर पडता आलं हेही बघा ना. करारातच कलम ५० होतं, वाटाघाटी झाल्या, ३१ जानेवारी २०२० ला ते गेले. बाहेर जायचं दार माहीत असेल तर माणूस आत यायला घाबरत नाही. आणि खरा पेच कुठे आला, तर आयर्लंडमध्ये. तिथली उघडी सीमा १९९८ च्या शांतता कराराचा आधार होती, तिला हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही. शेवटी कस्टमची रेघ समुद्रात ओढावी लागली.

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही म्हणत. बार्ले नावाचं गाव आहे, अर्धं बेल्जियमचं, अर्धं डच, रेघ घरांमधून जाते. करोनात दोन देशांचे नियम वेगळे होते, तेव्हा एका दुकानाचा बेल्जियमकडचा भाग पट्टी लावून बंद आणि डच भाग चालू. आणि २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली, नवऱ्याची बस आता कधी कधी अर्धा तास थांबते. उघडलेलं दार आपोआप उघडं राहत नाही, हे इथेही शिकतोय.

तहनामा

बार्लेचा उल्लेख आला म्हणून अवांतर: आपल्याकडे त्याहून मोठा गुंता होता. कूचबिहारच्या आसपासचे चिटमहाल. बांगलादेशात भारताचे १११ तुकडे, भारतात बांगलादेशचे ५१. दहाला खागराबाडी तर भारताचा तुकडा बांगलादेशच्या तुकड्यात, तो भारताच्या तुकड्यात, तो बांगलादेशात. तिथल्या माणसाला ना रेशनकार्ड, ना वीज, ना शाळेत नाव. इंदिरा गांधी आणि मुजीबुर रहमान यांचा करार १९७४ चा, आणि अदलाबदल झाली ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. शंभरावी घटनादुरुस्ती करून आपण जमीन दिली आणि घेतली, संसदेत एकमताने. सार्वभौम देशाने आपण होऊन नकाशा बदलला आणि आभाळ कोसळलं नाही. मला या भागातली गेल्या पन्नास वर्षांतली ही सर्वांत चांगली गोष्ट वाटते, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

वरुडची_संत्री

चाळकरी भाऊ कांद्याचं बोलले, मी संत्र्याचं बोलते. आमची वरुडला बाग आहे. नागपुरी संत्र्याचं सर्वांत मोठं बाहेरचं गिऱ्हाईक बांगलादेश. मध्यम आकाराचं, सालीला थोडं हिरवट फळ तिकडे आवडीने खातात. २०१९ पर्यंत किलोमागे वीसेक रुपये आयात शुल्क होतं, ते वाढवत वाढवत २०२३ ला ८८ वर नेलं. त्या वर्षी आंबिया बहार झाडावर आणि व्यापारी बागेच्या बांधावरूनच परत गेला. मामंजी म्हणाले, तोडणीची मजुरीही निघणार नाही, राहू दे झाडावर. जानेवारीत खाली सडा पडला होता.

तेव्हा नळ एकट्या दिल्लीच्या हातात नाही, ढाक्याच्याही हातात आहे. त्यांना डॉलर वाचवायचे होते हे मला समजतं. पण आमच्याकडे बाजारात सरळ बोललं जायचं, तुम्ही कांदा बंद केला, त्यांनी संत्रा बंद केला. खरं-खोटं देव जाणे, पण भरवसा एकदा गेला की लोक असंच जोडतात.

चाळकरी

ताई, तुमचं खरं आहे. आमच्या बंदीचं पाणी तुमच्या बागेत शिरलं असेल तर वाईट वाटतं.

सवाना

नैरोबीहून लिहितोय. आफ्रिकेतलं उदाहरण कोणी देईना म्हणून मीच देतो, कारण ते आपल्याला युरोपपेक्षा जवळचं आहे.

केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी १९६७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय काढला. एक विमान कंपनी, एक रेल्वे, एक टपाल. दहा वर्षांत, १९७७ ला, सगळं मोडलं. टांझानियाची तक्रार हीच होती की कारखाने केनियात, फायदा केनियाला, आम्ही फक्त गिऱ्हाईक. युगांडात इदी अमीन. टांझानियाने केनियाची सीमा बंद केली ती १९८३ पर्यंत.

मग नव्याने करार झाला, २००० मध्ये समुदाय पुन्हा सुरू झाला, मुख्यालय टांझानियातल्या अरुशाला. या वेळी करारात एक शहाणपण लिहिलं, ज्याची तयारी आहे त्याने पुढे जावं, बाकीच्यांनी आपल्या वेगाने यावं. केनिया, युगांडा, रवांडाने साध्या ओळखपत्रावर प्रवास सुरू केला, टांझानिया थांबला. जमिनीबाबत तर टांझानियाने अडूनच सांगितलं की आमच्या जमिनीला आमचाच कायदा, आणि ते मान्य झालं. भूतानने २०१७ मध्ये "तुम्ही पुढे व्हा" म्हटलं ते मला याच रीतीचं वाटतं. ते अंग काढून घेणं नाही, @रानवारा.

मी कामासाठी महिन्यातून दोनदा केनिया-टांझानिया सीमेवरच्या नमांगा नाक्यावरून जातो. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत, एका खिडकीवर बाहेर पडल्याचा शिक्का, चार पावलांवर आत आल्याचा. ट्रकवाले काही तासांत पार होतात. जागतिक बँकेने काही वर्षांपूर्वी आपल्या भारत-बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोल-बेनापोल नाक्याचा हिशेब मांडला होता, तिथे १३८ तास लागत होते. आणि माल एका ट्रकमधून उतरवून दुसऱ्यात भरण्यातच त्यातला दिवसभराहून जास्त वेळ जायचा.

भांडणं इथेही होतात. २०१७ ला टांझानियाने केनियातून आणलेली कोंबडीची ६४०० जिवंत पिल्लं बर्ड फ्लूच्या भीतीने नमांग्याला जाळली, चोरून आणली होती म्हणे. आठवडाभर इथल्या टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. पण नाका बंद झाला नाही. अडीच दशकांत ही एक गोष्ट हे लोक शिकले.

धारोष्ण

भिलवडीकडचा आहे, घरी सहा म्हशी आणि चार जर्सी गाई. एक आठवण करून देतो. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये आपण आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या मुक्त व्यापार करारातून बाहेर पडलो. तेव्हा मी काय म्हणत होतो? न्यूझीलंडची दूध पावडर आली तर माझ्या दुधाला कोण विचारणार? चीनचा माल आला तर इचलकरंजीचं काय? आमच्या गावात त्या करारावर बैठक झाली, म्हातारी माणसंसुद्धा आली. सरकारने नाही म्हटलं तेव्हा आम्ही पेढे वाटले.

मग भूतानच्या ट्रकवाल्याने तेच म्हटलं तर त्याला मी कसा आडमुठा म्हणू? आमच्यासमोर कोणी दांडगा उभा राहिला की आम्हाला सार्वभौमत्व आठवतं. त्यांच्यासमोर आम्हीच दांडगे.

टिंबटिंब

@धारोष्ण +१. धाग्यातला माझा सर्वांत आवडता प्रतिसाद. पेढे इकडेही पाठवा.

पहारा

@धारोष्ण, तुमच्या प्रतिसादावर काल रात्रभर विचार केला. आरसेपला माझाही विरोध होता, याच कारणांनी. त्यामुळे भूतानला हक्क आहे हे मला मान्यच करावं लागतं. माझी अडचण वेगळी आहे. शेजारी दुसरं दार म्हणून चीनकडे वळला तर ते आपल्यासाठी नुसतं व्यापाराचं राहत नाही. डोकलामला २०१७ मध्ये आपले जवान सत्तरएक दिवस समोरासमोर उभे होते, ते भूतानच्या दाव्याच्या जमिनीवर. म्हणून मी कडक बोलतो.

हिमशिखा

@पहारा, हे अगदी समजतं. मला एवढंच वाटतं की पहिलं दार आपणच मधे मधे लावलं नाही तर दुसरं शोधायची निकड कमी होईल.

आणखी एक बाजू राहून जायला नको. भूतानच्या ओळख जपण्याला एक फार दुखरी किनार आहे. १९९० च्या सुमारास तिथल्या एक लाखाच्या आसपास नेपाळीभाषक लोकांना घर सोडावं लागलं. झापा-मोरंगच्या छावण्यांत ते वीस-वीस वर्षं राहिले, मग बरेचसे अमेरिकेत वगैरे गेले. मी त्या छावणीत एका आजोबांना भेटले आहे. त्यांच्या बंडीच्या खिशात भूतानच्या जमिनीची करपावती होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, घड्यांवर फाटलेली. छोट्या देशाची भीती खरी असते, पण तिची किंमत कधी कधी त्याच्याच आतल्या दुबळ्याला मोजावी लागते. भूतानचं कौतुक करताना मला ते आजोबा आठवतात.

रानवारा

@हिमशिखा, हे लिहिलंत ते बरं केलंत. तिथल्या शांत रस्त्यांवर हे कुठेच दिसत नाही.

मूळ प्रश्नाकडे येतो. इतके प्रतिसाद वाचून माझं मत असं झालंय की भूतानने बरोबर केलं, आणि मालकीणबाईंचं गाड्यांचं म्हणणं त्याचा वरचा थर होता. खालचा थर नळाचा. शेजारी सीमा उघडायला भीत नाहीत, त्यांची आपल्याशी सीमा उघडीच आहे. आपण ती कधी आणि का लावू हे त्यांना माहीत नसतं, त्याला ते भितात. मग उपाय करारात शोधायला हवा. सार्वभौमत्व सोडा असं कोणी कोणाला सांगायला नको. फक्त बंद करायच्या आधी इतके दिवस कळवीन, वाटेतला माल जाऊ देईन, वाद झाला तर अमुक तिघांसमोर बसू, एवढं आपण लेखी देऊ शकतो का? सगळ्यांत मोठा आपण आहोत, तर पहिलं आपण द्यायला हवं. @तहनामा, असं काही आधी झालंय का?

तहनामा

कांद्यापुरती मागणी झालेली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही देशांचे व्यापारमंत्री दिल्लीत भेटले तेव्हा बांगलादेशने तांदूळ, गहू, साखर, कांदा अशा वस्तूंचा वार्षिक कोटा मागितला होता. बंदी आली तरी तेवढा माल येत राहील अशी हमी.

विजेत मात्र एक पाऊल पडलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॅट वीज आपल्या तारांमधून पहिल्यांदा बांगलादेशला गेली. आकडा लहान आहे, पण दोन शेजाऱ्यांच्या व्यवहारात आपण फक्त तार दिली, हे नवीन आहे. अर्थात चिनी पैसा लागलेल्या प्रकल्पाची वीज आपण घेत नाही, ती अट आहेच, @पहारा यांना ती पटेल.

पहारा

पटते. आणि वाटेतला माल जाऊ द्यावा, हेही पटतं. त्यात देशाचं काही जात नाही.

चाळकरी

रानवारा भाऊ, तीन गोष्टी लिहिल्यात त्यातली मधली एकटी झाली तरी आमचं भागेल. भरून निघालेली गाडी अडवू नका. बाकी दिल्लीला ठरवू द्या.

खुलन्याच्या त्या व्यापाऱ्याचा परवा फोन होता. त्यांच्याकडे आता पाबन्याचा कांदा बरा निघतो, तिकडे लागवड वाढलीय. म्हणाला, सध्या तुमचा माल नको, पण पोरीचं लग्न आहे फाल्गुनात, या. व्हिसाचं विचारून ठेवलंय. चाळीतला निवडक लाल कांदा दोन गोण्या न्यायचा विचार आहे, कस्टमवाले सोडतील का, कोणाला माहीत असेल तर सांगा.